टोळ सांगून आले होते

२०२० च्या मे महिन्यातील एक संध्याकाळ. टाळेबंदीमुळे झाशीचा सदर बाजार ठरावीक वेळेपुरताच उघडत असे. छावणी भागातला हा बाजार एरवी दिवेलागणीला गजबजलेला असतो. त्या दिवशी मात्र दुकानदार अर्ध्या ओढलेल्या शटरपाशी उभे राहून आकाशाकडे पाहत होते. शहराच्या वेशीवर टोळधाड आल्याची बातमी पसरली होती आणि जिल्हा प्रशासनाने अग्निशमन दलाला रसायने घेऊन सज्ज राहण्यास सांगितले होते. मी भाजीच्या हातगाडीपाशी असताना फोन आला. पलीकडे ओळखीचे एक वयस्क शेतकरी होते. त्यांना सारे गाव कक्का म्हणते, मीही म्हणते. त्यांनी नमस्कारही न करता विचारले, "मॅडमजी, थाळी वाजवू की औषध मारू? आणि मारायचं तर कोणतं?"

प्रश्नाच्या पहिल्या अर्ध्याचे उत्तर सोपे होते. थाळ्या, डबे, ढोल यांच्या आवाजाने टोळ बसत नाहीत, हे खरेच आहे. ही अंधश्रद्धा नव्हे, शेकडो वर्षांचे निरीक्षण आहे. मात्र उठलेला थवा नाहीसा होत नाही, तो शेजारच्या शिवारात उतरतो. म्हणजे माझा उपाय हा माझ्या शेजाऱ्याचा अपाय ठरतो. टोळांचा खरा बंदोबस्त करायचा तर त्यांना बसू द्यावे लागते. ते सूर्यास्ताच्या सुमारास झाडाझुडपांवर उतरतात, रात्रभर निश्चल राहतात आणि सकाळी ऊन तापल्यावर उडतात. फवारणीची वेळ ती मधली. एका शेतकऱ्याच्या पाठीवरच्या पंपाने हे काम होत नाही. त्यासाठी गाव, तालुका, जिल्हा आणि राज्य यांनी एकाच रात्री एकाच दिशेने हलावे लागते.

उत्तराचा दुसरा अर्धा भाग मला अवघड गेला, आणि तो का अवघड गेला हेच आजच्या लेखाचे निमित्त आहे.

टोळ अचानक आले, असे त्या दिवसांत सर्वांनीच म्हटले. वस्तुस्थिती तशी नव्हती. २०१८ च्या मे आणि ऑक्टोबर महिन्यांत मेकुनू व लुबान ही दोन चक्रीवादळे अरबस्तानच्या वाळवंटात पाऊस पाडून गेली. ओलसर वाळू आणि त्यावर उगवलेले हिरवे गवत म्हणजे वाळवंटी टोळांसाठी सूतिकागृहच. तेथे माणसांच्या नजरेआड त्यांच्या पिढ्यांमागून पिढ्या वाढल्या आणि पुढे येमेन, पूर्व आफ्रिका, इराण, पाकिस्तान असा प्रवास सुरू झाला. २०१९-२० च्या हिवाळ्यापर्यंत राजस्थान व गुजरातच्या सीमावर्ती जिल्ह्यांनी त्यांचा तडाखा सोसलाही होता. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना टोळांविषयी नियमित पत्रिका प्रसिद्ध करते. त्यात वसंत ऋतूतील इराण-पाकिस्तानातील वाढ आणि तेथून पूर्वेकडे येणारा धोका नोंदलेला होता. टोळ सांगून आले होते. सांगणाऱ्याचा आवाज जोधपूरपर्यंत पोहोचत होता, झाशीपर्यंत पोहोचत नव्हता, एवढाच फरक.

जोधपूरचे नाव घेतले ते सकारण. आपल्या देशात टोळ इशारा संघटना १९३९ पासून आहे. १९४६ मध्ये ती वनस्पती संरक्षण, विलगीकरण व साठवण संचालनालयात समाविष्ट झाली. तिचे क्षेत्रीय मुख्यालय जोधपूरला असून राजस्थान-गुजरातमधील सुमारे दोन लाख चौरस किलोमीटरच्या अनुसूचित वाळवंटी क्षेत्रावर तिची नजर असते. टोळांची मोठी धाड नसलेल्या वर्षांतही ही माणसे वाळवंटात फिरून झुडपे हलवून पाहतात आणि 'काही आढळले नाही' अशी नोंद करतात. शासकीय कामात 'काही आढळले नाही' हे लिहिण्यासाठी दरवर्षी पगार देणारी यंत्रणा टिकवून ठेवणे किती कठीण असते, हे विस्तार क्षेत्रातील वाचकांना सांगायला नको. विज्ञान धोरणात मुरले आहे याची माझ्या मते ही उत्तम खूण. संकट नसतानाही मोजमाप चालू राहते.

परंतु झाशी त्या दोन लाख चौरस किलोमीटरांत येत नाही. मे महिन्यात राजस्थानात हिरवळ नव्हती. अपरिपक्व, गुलाबी रंगाचे थवे पश्चिमेच्या वाऱ्यावर स्वार होऊन मध्य प्रदेशात आले, बुंदेलखंडात आले आणि महिनाअखेरीस आपल्या विदर्भात, अमरावती, वर्धा व नागपूर जिल्ह्यांतही उतरले. थवा एका दिवसात दीडशे किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो. एका चौरस किलोमीटरच्या थव्यात चार ते आठ कोटी टोळ असू शकतात. अशा पाहुण्याला जिल्ह्याची हद्द, राज्याची हद्द आणि खात्याची हद्द यांच्याशी देणेघेणे नसते. रब्बीची काढणी उरकली होती, शेते बहुतांश मोकळी होती. भाजीपाला, उन्हाळी मूग आणि झाडे यांवरच निभावले. हे आपले शहाणपण नव्हे, नशीब होते.

आता कक्कांच्या 'कोणतं' या शब्दाकडे येते.

टोळांसाठी वाळवंटात प्रामुख्याने वापरले जाणारे औषध मॅलॅथिऑन. पिकांच्या क्षेत्रासाठी राज्यांच्या सल्लापत्रकांत क्लोरपायरीफॉसही होते. गंमत अशी की त्याच महिन्यात, १४ मे २०२० च्या तारखेने, केंद्रीय कृषी मंत्रालयाने सत्तावीस कीटकनाशकांवर बंदी घालण्याच्या आदेशाचा मसुदा हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध केला होता, आणि त्या सत्तावीस नावांत मॅलॅथिऑन होते, क्लोरपायरीफॉसही होते. एकाच मंत्रालयाच्या एका कागदावर ते औषध मानव, प्राणी व पर्यावरणास धोकादायक म्हणून उभे होते. दुसऱ्या कागदावर तेच राष्ट्रीय संकटातील मुख्य शस्त्र होते. कक्कांच्या मुलाच्या मोबाइलवर दोन्ही कागद आले होते. त्यांना यातले कोणते खरे मानावे, हा प्रश्न त्यांनी मला विचारला. त्यांना पडलेला हा प्रश्न मला रास्त वाटला.

माझे मत असे की दोन्ही कागद आपापल्या परीने बरोबर होते. दीर्घकालीन वापराने होणारी हानी आणि आणीबाणीतील मर्यादित वापराचा लाभ या भिन्न मोजपट्ट्या आहेत. एकच रसायन एकीवर नापास आणि दुसरीवर उत्तीर्ण होऊ शकते. चूक होती ती हे दोन कागद एकमेकांना न भेटण्यात. बंदीच्या मसुद्यातच 'टोळांसारख्या स्थलांतरित किडींच्या नियंत्रणासाठी प्रशिक्षित पथकांमार्फत होणारा वापर वगळून' असे एक वाक्य असते, तर त्या संध्याकाळी शेकडो विस्तार कार्यकर्त्यांची जीभ अडखळली नसती. ते वाक्य लिहिण्यासाठी नवे संशोधन लागत नव्हते. ज्ञात असलेली गोष्ट योग्य मेजावर योग्य दिवशी हजर असणे एवढेच लागत होते. पुढे २०२३ मध्ये अंतिम आदेश आला तेव्हा डायकोफॉल, डिनोकॅप, मेथोमिल आणि मोनोक्रोटोफॉसचे ३६ टक्के द्रावण यांच्यावर बंदी आली. काही औषधांचा पूर्ण बंदीऐवजी निवडक पिकांवरील वापर तेवढा थांबविण्यात आला. पडताळणी झाली, हे चांगलेच. पण ती होण्यास तीन वर्षांहून अधिक काळ लागला आणि त्या काळात दुकानदार, शेतकरी व कृषी सहायक हे सारेच अर्धवट बातमीवर निर्णय घेत राहिले.

त्याच मे महिन्यात याच्या नेमकी उलट घटनाही घडली, तीही सांगितली पाहिजे. ड्रोनने फवारणी करण्याचे तंत्र उपलब्ध होते, नियम मात्र वाट अडवून उभे होते. २१ मे २०२० रोजी नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने टोळ नियंत्रणासाठी वनस्पती संरक्षण संचालनालयाला सशर्त सूट दिली. उंच झाडे आणि खडकाळ टेकड्या, जेथे ट्रॅक्टरवरचा फवारा पोहोचत नाही, तेथे ड्रोन कामी आले. पुढे २०२१ च्या ऑगस्टमध्ये ड्रोन नियम आले, डिसेंबरमध्ये कीटकनाशक फवारणीची आदर्श कार्यपद्धती आली, आणि आज 'ड्रोन दीदी' हा शब्द खेड्यात रुळला आहे. जे काम एरवी फाइलींमधून अनेक वर्षे रेंगाळले असते ते टोळांनी पुढे ढकलले. त्याचे मी स्वागत करते, तरीही मनात एक खंत राहते: आपल्याकडे विज्ञान धोरणाच्या दारातून आत येते ते बहुधा संकटाचे बोट धरून.

हे आजचे नाही. मार्च १९५८ मध्ये भारत सरकारचा विज्ञान धोरण ठराव संसदेपुढे आला. विकसनशील देशाने विज्ञानाची कास धरण्याचा इतका स्पष्ट संकल्प त्या काळी क्वचितच कोणी केला असेल. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात केरळमध्ये पॅराथिऑन या कीटकनाशकाने दूषित झालेला गहू व पीठ खाऊन शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. अन्नधान्य आणि विष यांची एकत्र वाहतूक करू नये, असा साधा नियमही तेव्हा नव्हता. चौकशी आयोग नेमला गेला, आणि त्यातून अखेर कीटकनाशक कायदा आला, १९६८ साली. त्याची अंमलबजावणी १९७१ पासून. ठराव आणि दुर्घटना एकाच वर्षातल्या. त्यांच्यामधले अंतर कायद्याने भरून काढायला तेरा वर्षे लागली. नव्या कायद्यासाठी २००८ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये विधेयके संसदेत आली, पण शेतकऱ्याच्या हातातील बाटलीवर आजही अधिराज्य आहे ते १९६८ च्या कायद्याचे. मध्यंतरी २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसएक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या गावांत काम केलेले काही वाचक हा अंक वाचत असतील. त्यांना मी त्यावर अधिक काय सांगणार?

ठरावांची आपल्याकडे वाण नाही. १९५८ नंतर १९८३, २००३ आणि २०१३ या वर्षी विज्ञान-तंत्रज्ञानविषयक धोरणे आली, २०२० च्या अखेरीस पाचव्याचा मसुदा आला. संशोधन-विकासावरील खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या दोन टक्क्यांपर्यंत नेण्याची आकांक्षा २०१३ च्या धोरणात होती; प्रत्यक्षात तो ०.७ टक्क्यांच्या आतच घुटमळतो आहे. मात्र माझ्यासारखीने निधीचे रडगाणे गाणे मला फारसे शोभत नाही. पैसा अधिक मिळावा हे खरे. परंतु वर सांगितलेले, बंदीच्या मसुद्यातले न लिहिलेले वाक्य पैशांअभावी राहिले नव्हते.

अमेरिकन लष्करी अळीचे उदाहरण याहून बोलके आहे. मूळची अमेरिका खंडातली ही कीड २०१६ मध्ये पश्चिम आफ्रिकेत सापडली आणि दोन वर्षांत तिने आफ्रिकेतील बहुतेक मका पट्टा व्यापला. २०१८ च्या मे महिन्यात ती कर्नाटकात शिवमोग्गा परिसरात आढळली, त्याच वर्षी महाराष्ट्रात मक्यावर आली, उसावरही दिसू लागली. ओळख पटवणे, जनुकीय पडताळणी आणि इशारा ही कामे आपल्या संस्थांनी तत्परतेने केली. त्याबद्दल मला अभिमान आहे. पण मक्यावरील या किडीसाठी नोंदणीकृत, म्हणजे लेबल क्लेम असलेले एकही औषध त्या दिवशी देशात नव्हते, कारण जी कीड देशात नाही तिच्यासाठी नोंदणीचा अर्ज कोण करणार? तात्पुरत्या मंजुऱ्या २०१९ मध्ये आल्या. मधल्या हंगामात मका उत्पादकाने दुकानदार देईल ते मारले. ही अळी दिवसा पोंग्यात दडून बसते, तेव्हा वरून मारलेले बरेचसे औषध वाया गेले असणार. आफ्रिकेतील बातमी आपल्याजवळ दोन वर्षे होती. 'येऊ घातलेल्या किडी' अशी एक यादी, प्रत्येकीसमोर आधीच तपासलेली दोन-तीन औषधे, एखादा परोपजीवी मित्रकीटक आणि ओळखण्याचे चित्र, एवढी तयारी शांततेच्या काळात करून ठेवणे अशक्य होते असे मला वाटत नाही. आजही ती करता येईल.

यावर कुणी म्हणेल की असे कोठे घडले आहे का? घडले आहे, आणि आपल्याच महाराष्ट्रात.

२००८ च्या खरिपात मराठवाडा व विदर्भात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा उद्रेक झाला. स्पोडोप्टेरा आणि उंटअळ्यांनी शेतेच्या शेते चाळणी केली. शासनाला नुकसानभरपाई द्यावी लागली. अशा वेळी प्रथा अशी की समिती नेमायची, अहवाल घ्यायचा आणि पुढच्या उद्रेकाची वाट पाहायची. त्या वेळी मात्र कृषी विभाग, राज्यातील चारही कृषी विद्यापीठे आणि भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्रासह अन्य संस्था एकत्र बसल्या आणि २००९ च्या हंगामापासून पीक कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प, म्हणजे आपला क्रॉपसॅप, सुरू झाला.

त्याची रचना पाहा. गावोगावी निवडलेली शेते. काही कायमची, काही फिरती. कीड सर्वेक्षक आठवड्याच्या ठरलेल्या वारी शेतात जाणार, ठरावीक पद्धतीने ओळीतील झाडे निवडणार, प्रति मीटर ओळीत अळ्या मोजणार, कामगंध सापळ्यातील पतंग मोजणार आणि आकडा संगणकावर चढवणार. विद्यापीठातील तज्ज्ञ तो आकडा आर्थिक नुकसानीच्या पातळीशी ताडून पाहणार आणि सल्ला मोबाइल संदेशाने शेतकऱ्याकडे जाणार. सोयाबीनवर स्पोडोप्टेराच्या तीन-चार अळ्या प्रति मीटर ओळ, कपाशीत गुलाबी बोंडअळीचे सलग तीन रात्री प्रति सापळा आठ पतंग: हे आकडे आमच्या प्रबंधांत कित्येक वर्षे पडून होते. क्रॉपसॅपने त्यांना शासकीय निर्णयाचा अधिकार दिला. कोणत्या तालुक्यात औषधे पाठवायची, कोठे शेतीशाळा घ्यायची, कोठे काहीच करायचे नाही, हे त्या आकड्यांवरून ठरू लागले. विज्ञान धोरणात समाविष्ट होणे म्हणजे काय, याचे मला ठाऊक असलेले सर्वांत स्वच्छ उत्तर हेच आहे. कुणा शास्त्रज्ञाला समितीवर घेणे म्हणजे समावेश नव्हे. शेतातला आकडा वरच्या निर्णयाला बांधून टाकतो, तेव्हा समावेश होतो.

'काहीच करायचे नाही' हा सल्ला मी मुद्दाम लिहिला. विस्तार कार्यकर्त्याला सर्वांत जड जाणारे वाक्य ते. शेतकरी आशेने आलेला असतो. त्याला 'आज फवारू नका, चार दिवसांनी पुन्हा मोजा' असे सांगायला धैर्य लागते, आणि त्या धैर्यामागे एखादी यंत्रणा उभी लागते. एकट्या कृषी सहायकाने ते सांगितले आणि पीक गेले तर दोष त्याच्या माथी येतो. तेच वाक्य पन्नास शेतांच्या मोजणीवर आधारलेल्या अधिकृत सल्ल्यात असेल तर तो निर्धास्तपणे बोलू शकतो. धोरणाचा खरा उपयोग इथे आहे: शेवटच्या माणसाला खरे बोलण्याचे संरक्षण देण्यात.

क्रॉपसॅपची दुबळी बाजूही आहे, आणि ती लपवून आपलेच नुकसान होईल. आरंभी सर्वेक्षक नेमले गेले ते कंत्राटी. पुढे ते काम कृषी सहायकांकडे आले, ज्यांच्या डोक्यावर आधीच पंचनामे, अनुदानाचे अर्ज आणि डझनभर योजना होत्या. मोजणी ही अशी गोष्ट आहे की ती करणाऱ्याला वेळ नसेल तर ती घरी बसूनही 'करता' येते. मी अनेक राज्यांतील किडींचे आकडे पाहिले आहेत. ज्या गावात सलग सहा आठवडे प्रत्येक झाडावर नेमक्या दोनच अळ्या असतात, त्या गावात अळ्या नसतात, निरीक्षकही नसतो. त्याच्यावर कारवाई करून हे सुटणार नाही. ज्याने आकडा दिला त्याला त्या आकड्याचे पुढे काय झाले हे कधी कळतच नाही, हे त्यामागचे कारण आहे. तुमच्या नोंदीमुळे अमुक तालुक्यात इशारा दहा दिवस आधी गेला, असे एक पत्र वर्षातून एकदा जरी आले, तर मोजणीचा दर्जा कोणत्याही परिपत्रकापेक्षा अधिक सुधारेल.

१५ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्राची राष्ट्रीय कीड निरीक्षण प्रणाली सुरू झाली. मोबाइलवर छायाचित्र काढले की कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने कीड ओळखली जावी, सल्ला मिळावा, अशी तिची योजना आहे. मी ती वापरते आणि ती वाढावी असे मला वाटते. एक सावधगिरी मात्र सुचवते. छायाचित्र कीड 'कोणती' हे सांगते, 'किती' हे सांगत नाही. एका घाटे अळीचे सुंदर छायाचित्र पाहून फवारणीचा निर्णय घेतला तर आपण चाळीस वर्षे मागे जाऊ. प्रणालीने चित्राबरोबर मोजणी मागितलीच पाहिजे, आणि सल्ल्याच्या पहिल्या ओळीत ती कीड नुकसानीच्या पातळीखाली आहे की वर, हे यायला हवे. शिवाय हा सारा विदा खुला असावा. आज एका राज्याची मोजणी शेजारच्या राज्याला हंगाम संपल्यावर अहवालात दिसते. झाशीचे शेतकरी आणि टीकमगढचे शेतकरी एकाच वाऱ्याखाली राहतात, पण एक उत्तर प्रदेशात आहेत, दुसरे मध्य प्रदेशात. अळीचा पतंग ओरछ्याच्या कमानीखाली थांबून परवाना दाखवत नाही.

झाशीतच आणखी एक धडा आहे, माझ्या विषयाबाहेरचा, म्हणून थोडक्यात. कृषिवानिकीचे राष्ट्रीय संशोधन केंद्र १९८८ पासून येथे आहे; आज ती केंद्रीय संस्था आहे. बांधावर आणि पिकांत झाडे लावण्याचे शास्त्र अशा संशोधनातून परिपक्व झाले आणि २०१४ मध्ये भारताने राष्ट्रीय कृषिवानिकी धोरण स्वीकारले. असे धोरण करणारा जगातील हा पहिला देश. धोरणाने बरोबर ओळखले की शेतकरी झाड लावत नाही ते रोपाअभावी नव्हे, तर लावलेले झाड तोडण्या-नेण्याच्या परवानगीच्या धास्तीने. पण ती परवानगी राज्यांच्या नियमांत आहे, वन खात्याकडे आहे, आणि तेथील बदल राज्याराज्यांत वेगवेगळ्या गतीने झाले. पुन्हा तेच: दोन कागद आणि त्यांची न होणारी भेट.

आम्हा संशोधकांचाही यात वाटा आहे, तो टाळून दुसऱ्यांकडे बोट दाखवणे बरे नव्हे. आमची पदोन्नती इंग्रजी शोधनिबंधांवर होते. एखाद्या शिफारशीचे पुढे शासन निर्णयात रूपांतर झाले की नाही, याला गुण नाहीत. त्यामुळे बहुतेक जण निबंध छापून आला की विषय बंद करतात. मीही तेच केले आहे. एका मसुद्यावर हरकती-सूचना मागविल्या होत्या, माझ्याकडे त्याविषयी तीन हंगामांची निरीक्षणे होती, आणि मुदत संपल्यावर दोन दिवसांनी मला आठवण झाली. त्या दोन दिवसांची मला अजून लाज वाटते. प्रत्येक मसुद्याच्या शेवटी जो पत्ता असतो तो विस्तार कार्यकर्त्यांसाठी आणि शेतकऱ्यांसाठीही असतो. मराठीत लिहिले तरी चालते. उत्पादक कंपन्या मुदतीच्या आत, सुबक बांधणीत, आकडेवारीसह लिहितात. शेताकडून मात्र क्वचितच कोणी लिहिते, आणि मग निर्णयात आपले प्रतिबिंब नाही म्हणून आपण हळहळतो.

परवा सदर बाजारात पुन्हा त्याच हातगाडीवर वांगी घेत होते. गाडीवाला माझा व्यवसाय जाणून आहे. त्याने एक बारीक छिद्र असलेले वांगे हसत बाजूला काढले. "हे तुम्ही घेणार नाही," तो म्हणाला, "कुणीच घेत नाही. मग शेतकरी आठवड्यातून दोनदा मारतो." शेंडे व फळे पोखरणाऱ्या अळीचे ते छिद्र होते. वांग्याच्या बीटी वाणाला २००९ मध्ये तज्ज्ञ समितीची मान्यता मिळाली, २०१० च्या फेब्रुवारीत स्थगिती आली, आणि शेजारच्या बांगलादेशने २०१३ मध्ये ते स्वीकारले. त्या वादात मी या लेखात शिरत नाही. त्यावर स्वतंत्रपणे लिहीन. मला खटकते ते एवढेच की स्थगिती तात्पुरती म्हणून दिली गेली आणि कोणत्या चाचण्या पूर्ण झाल्यावर तिचा फेरविचार होईल याचे वेळापत्रक कुठेच नाही. होय किंवा नाही, काहीही ठरले तर शेतकरी त्याप्रमाणे वागेल. न ठरलेल्याच्या छायेत तो आठवड्यातून दोनदा फवारत राहतो.

मी ते छिद्राचे वांगे मागून घेतले. गाडीवाल्याने त्याचे पैसे लावले नाहीत. संध्याकाळी कक्कांचा फोन आला. हरभऱ्यात कामगंध सापळे लावले आहेत, काल रात्री चार पतंग आले, परवा दोन आले होते, पुढे काय करू, असे ते विचारत होते. मी त्यांना आज ओळीत उतरून अळ्या मोजायला सांगितले आहे. उद्या सकाळी ते आकडा कळवणार आहेत.